रानातून आणलेल्या वनस्पतींची बिअर पहिल्याच खेपेला का बिघडली?

तुम्ही दिलेलं प्रमाण असं: 6 लिटर पाणी, अर्धा किलो ओलं नेटल (हात लावला की आग करणाऱ्या पानांची रानवनस्पती), दोन मुठी वाळलेली यॅरोची (पांढऱ्या झुपक्यांची कडू वनस्पती) फुलं, मूठभर मगवर्ट (दवण्याच्या जातीची कडू वनस्पती), 1 किलो साखर आणि चमचाभर पावाचं यीस्ट. चौथ्या दिवशी बुडबुडे मंदावले म्हणून अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटल्यांत एकेक चमचा साखर घालून भरलं. आठवड्याने एक बाटली फुटली, बाकीच्यांतून उघडताच फवारा उडाला, दोन आंबट निघाल्या आणि चव सगळ्यांचीच काढ्यासारखी.

आधी न उघडलेल्या बाटल्यांचं बघा. डोळ्यांवर गॉगल आणि हातात जाड मोजे घातल्याशिवाय त्यांच्या जवळ जाऊ नका. प्रत्येक बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये उभी ठेवा. थंडीत यीस्ट सुस्तावतं, वायू द्रवात जास्त विरघळतो, दाब उतरतो. दोन दिवसांनी, टॉवेल न काढता, बादलीत धरून एकेक उघडा. चाखायची घाई मात्र नको. यॅरोबद्दल खाली जे लिहिलंय ते आधी वाचा.

आता फुटण्याचं कारण. 6 लिटरला 1 किलो साखर म्हणजे सुरुवातीची घनता (साध्या पाण्याची 1.000 धरून) 1.060 च्या वर. एवढी साखर पूर्ण आंबली तर मद्यार्क 8 ते 9 टक्क्यांवर जातो. ही बिअर नव्हे, वाइनची वाट झाली. शिवाय नुसत्या साखरेत यीस्टला लागणारं नत्र नसतं. नेटलमधून थोडं उतरतं, पण त्यावर पोट भरेलच असं नाही. अर्धपोटी यीस्ट तीन-चार दिवसांत दमतं, बुडबुडे कमी होतात आणि माणसाला वाटतं काम संपलं. ते संपलेलं नसतं, रेंगाळलेलं असतं. बाटलीत ते हळूहळू पुढे चालूच राहतं.

बुडबुडे मोजण्यात अर्थ नाही, हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं उपकरण, घ्या. बाटलीत असताना घनता एका अंकाने उतरली, म्हणजे 1.010 ची 1.009 झाली, की दर लिटरमागे साधारण अर्धा लिटर वायू तयार होतो. नेहमीच्या बिअरमध्ये लिटरमागे 2.4 लिटरच्या आसपास वायू असतो. तुम्ही अर्ध्या लिटरला एक चमचा, म्हणजे 4-5 ग्रॅम साखर घातली. तेवढ्यानेच आकडा 3 वर गेला. त्यात घनता दहा अंक उतरायची बाकी असेल तर आणखी 5 लिटर. साध्या बिअरच्या बाटलीची काच 3 च्या फार पुढे टिकायला बनवलेलीच नसते. सरबताच्या चौकोनी किंवा पातळ काचेच्या बाटल्या वापरल्या असतील तर त्या यापुढे या कामाला अजिबात नकोत.

फवाऱ्यावरून निदान करायची एक सोपी खूण आहे. सगळ्याच बाटल्या उसळतात आणि चवीला गोडसर लागतात, तेव्हा लवकर भरलंय. मोजक्याच उसळतात आणि त्या आंबट निघतात, तेव्हा त्या बाटल्या अस्वच्छ होत्या. तुमच्याकडे दोन्ही झालंय. आंबटपणा बहुधा लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंचा. हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांची, कडू आम्लं नेमकी याच जातीच्या जिवाणूंना अडवतात आणि तुमच्या बिअरमध्ये हॉप्स नाहीत. युरोपात हॉप्सचा जम बसण्याआधी यॅरो, बॉग मर्टल (दलदलीतलं सुगंधी झुडूप) वगैरेंचं मिश्रण बिअरला लावत, त्याला ग्रूट म्हणत. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या 1516 च्या नियमात बिअरसाठी पाणी, जव आणि हॉप्स एवढंच उरलं. हॉप्सची बिअर जास्त टिकते, हे त्यांची सरशी होण्यामागचं एक मोठं कारण. ‘जुने लोक काही न धुता करायचे आणि छान व्हायची’ असं जे सांगितलं जातं, त्यात बिअर ताजीच संपवायचे हा भाग गाळलेला असतो.

काढ्याच्या चवीचा दोष वनस्पतींचा नाही, मुठीचा आहे. मूठ हे मापच नव्हे. वाळलेली यॅरो आणि मगवर्ट दोन्ही चांगलीच कडू. सुरुवात लिटरला 1 ग्रॅमने करावी, तीही दोन्हींपैकी एकच घेऊन. त्याआधी चहा करून बघा: 1 ग्रॅम वाळलेली फुलं, 1 लिटर उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकून, गाळून, थंड करून. साखर घालायची नाही, कारण बिअरमधली साखर यीस्ट खाऊन टाकणार आहे आणि मागे उरलेला कडवटपणा उघडा पडणार आहे. हा चहा घोटभर प्यायला बरा वाटला तरच ते प्रमाण पातेल्यात जाऊ द्या. तीन वनस्पती पहिल्याच खेपेत एकत्र केल्या की कोणती चव कोणाची हे कधीच कळत नाही.

पुढची खेप 5 लिटरची करा आणि फक्त नेटलची. फुलोरा यायच्या आधीचे कोवळे शेंडे, वरची चार-सहा पानं, 400 ग्रॅम. फुलल्यावर पानांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे तयार होतात, ते मूत्रमार्गाला त्रास देतात. पानांची आग उकळल्यावर जाते. (नेटलचं भाषांतर काही जण खाजकुइली असं करतात. ती शेंगांवर कूस असलेली वेगळीच वेल आहे, ती पातेल्यात जाता कामा नये.)

साडेपाच लिटर पाणी उकळा, गॅस बंद करून 400 ग्रॅम फिकट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पूड) आणि 100 ग्रॅम साखर ढवळून विरघळवा. आचेवर असताना टाकलं तर माल्ट तळाला बसून करपतं आणि तो वास पुढे काही केल्या जात नाही. पुन्हा उकळी आणा; माल्ट पहिल्या पाच मिनिटांत दुधासारखं वर येतं, तेव्हा पातेल्यापासून हलू नका. पंधरा मिनिटं उकळल्यावर धुतलेलं नेटल मलमलच्या पिशवीत बांधून सोडा, दहा मिनिटांनी काढा. पिशवी पिळू नका, तुरटपणा आणि गवताचा वास उतरतो. गॅस बंद केल्यावर दोन लिंबांचा रस. पातेलं झाकून गार पाण्याच्या टबात ठेवा, पाणी दोनतीनदा बदला, 20 अंशांपर्यंत निवू द्या. आटून साडेचार लिटरच्या आसपास उरेल. कमी पडलं तर उकळून गार केलेलं पाणी घाला. घनता 1.042 च्या जवळ यायला हवी.

इथून पुढे द्रवाला लागणारी प्रत्येक गोष्ट निर्जंतुक हवी: फर्मेंटर (आंबवायचं भांडं), एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण), नळी, चमचा, थर्मामीटर, यीस्टच्या पाकिटाची कात्री सुद्धा. आधी साबणाने घासा, मग न धुवावं लागणारं आम्लयुक्त सॅनिटायझर लावा. मळ तसाच ठेवून सॅनिटायझर लावणं फुकट जातं.

यीस्ट एल या प्रकारच्या बिअरचं घ्या, 3 ते 4 ग्रॅम. 11.5 ग्रॅमचं पाकीट साधारण 20 लिटरसाठी असतं. पावाच्या यीस्टनेही आंबतं, पण ते तळाला घट्ट बसत नाही आणि पावाचा वास राहतो. पानांवरचं रानटी यीस्ट पकडायचा नाद पहिल्या खेपांना नको. यीस्ट टाकण्याआधी फर्मेंटर जोरात हलवून हवा मिसळा. आंबणं सुरू झाल्यावर मात्र हवा शत्रू. तापमान 18 ते 20 अंश ठेवा. 25 च्या वर गेलं की जड, स्पिरिटसारखा वास येतो. वर येणारा तपकिरी-पांढरा फेस हा चांगला. हिरवी किंवा काळी लोकरीसारखी बुरशी दिसली तर चमच्याने काढून वाचवायला जाऊ नका, सगळं ओता.

दहा दिवसांनी घनता बघा, तीन दिवसांनी पुन्हा बघा. दोन्ही आकडे सारखे आणि 1.008 च्या आसपास असतील तरच बाटल्या काढा. मद्यार्क साडेचार टक्के भरेल. 1.020 वर अडकली असेल तर भरायचं नाही, जागा थोडी उबदार करून वाट पाहायची. बाटलीसाठीची साखर लिटरला 6 ग्रॅम, एकत्र मोजून, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये हळूच मिसळा. चमच्याने बाटलीबाटलीत घातली की एक बाटली बिनबुडबुड्यांची आणि एक उसळणारी निघतेच.

आता यॅरो. ती नक्की यॅरोच होती का? पांढऱ्या फुलांच्या झुपक्यावरून तोडली असेल तर मला काळजी वाटते, कारण विषारी हेमलॉक लांबून तसंच दिसतं. हेमलॉकचं देठ गुळगुळीत, पोकळ आणि त्यावर जांभळे डाग. यॅरोचं देठ लवदार. हेमलॉकच्या झुपक्याच्या काड्या छत्रीसारख्या एकाच बिंदूतून फुटतात, यॅरोच्या देठावर वेगवेगळ्या उंचीवरून. यॅरोचं पान पिसासारखं बारीक चिरलेलं. या सगळ्या खुणा एकत्र जुळल्या नाहीत, किंवा वाळल्यावर आता सांगता येत नसेल, तर उरलेल्या बाटल्या मोरीत ओता. उकळलं म्हणून विष गेलं असं धरू नका. ओळख पक्की असली तरी गरोदरपणात यॅरो आणि मगवर्ट दोन्ही टाळा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर यॅरो नको, आणि डेझी-रॅगवीड कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी दोन्हींपासून लांब राहावं. रस्त्याकडेची, फवारलेल्या शेताच्या बांधावरची तोडणी कोणत्याच वनस्पतीची घेऊ नका.

मिथेनॉलची, म्हणजे विषारी मद्यार्काची, भीती तुम्ही विचारलीत: साखर आणि माल्ट आंबवून ते धोक्याच्या प्रमाणात होत नाही, ऊर्ध्वपातन हा वेगळा विषय आहे आणि घरी करायचा नाही. घरी आंबवायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे का, तेही तपासा. काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी बंदीच आहे.

भरताना एक बाटली सोड्याच्या प्लॅस्टिकची ठेवा. रोज दाबून बघा. ती दगडासारखी कडक झाली की बाकीच्या काचेच्या बाटल्याही तयार आहेत असं समजा, सगळ्या फ्रिजमध्ये टाका आणि महिन्याभरात संपवा.