वाशाला अडकवलेली पिशवी

अनेक आशीर्वाद.

मानसिक आरोग्यावरच्या प्रबंधाचा तुझा आराखडा दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे, मेहनत दिसते, आणि पहिल्याच पानावर एक चूक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे तू सरळ सिंधुदुर्गाला लावलेस. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. देशाचं चित्र म्हणून दे, आपल्या जिल्ह्याचं म्हणून देऊ नकोस. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल.

'सिस्टिम ऑफ केअर'वर चार पानं खर्च केलीस, एक पुरे. स्ट्राउल आणि फ्रिडमन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत ही मांडणी केली ती गंभीर भावनिक अडचणी असलेल्या मुलांसाठी. शाळा, दवाखाना, बालकल्याण खातं यांनी आपापल्या खिडकीमागे न बसता एकत्र बसावं आणि घरच्यांना निर्णयात धरावं, एवढं त्यातलं सार. तू ती मोठ्या माणसांना लावते आहेस, तर तसं स्पष्ट लिही. (रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं. बरोबर शंभर वर्षांचं अंतर. प्रबंधात घालण्यासारखं नाही, पण मला गंमत वाटते.)

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. तुझ्या प्रश्नावलीत 'उपचार चालू / सोडले' असा रकाना आहे. माझ्याही तक्त्यात होता. राजापूरच्या बाजूला एका वाडीत मी एका तरुणापुढे 'सोडले' अशी खूण केली, कारण जूनच्या सुरुवातीला महिन्याच्या गोळ्या नेल्या त्यानंतर नोंदवहीत त्याचं नाव नव्हतं. जुलै संपताना त्याच वाडीत पावसात अडकले आणि त्यांच्या पडवीत जाऊन बसले. आईने कोरा चहा दिला आणि मी काही विचारायच्या आत वाशाला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी खाली काढली. आत सगळे केसपेपर, एस.टी.ची तिकिटं सुतळीने बांधलेली, आणि एका डबीत गोळ्या. प्रत्येक गोळी विळीवर अर्धी केलेली. पावसात वस्तीची गाडी बंद झाली होती, रिक्षाला दिवसाची मजुरी जायची, आणि एवढं करून गेलं तर खिडकीवर 'गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकावं लागायचं. "सोडूक नाय गो बाय, पुरवतंय," ती म्हणाली.

माझा अहवाल तोवर टाईप होऊन गेला होता. तो तरुण त्यात अजून 'सोडले'मध्येच आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम १८ काढून वाच. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत कायम मोफत मिळाली पाहिजेत, असं त्यात लिहिलंय. कलम एका हातात आणि ती डबी दुसऱ्या हातात धरलीस की तुझा संशोधनाचा प्रश्न तयार आहे. चारशे माणसांचा नमुना सोड. वीस घरं घे आणि वर्षभर त्यांच्या मागे जा. आजार पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला, देवळात गाऱ्हाणं घातलं तेव्हा कौल काय मिळाला, मुंबईच्या भावाने फोनवर काय सांगितलं, दवाखान्यात सोबत कोण गेलं, त्याचा खाडा किती पडला. गाऱ्हाण्याचं नाव निघालं की तोंड वाकडं करू नकोस. सकाळी कौल आणि दुपारी डॉक्टर, असं एकाच दिवशी करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि डॉक्टरकडे जा असा कौल मिळालेलीही.

महिनाही बघून निवड. उदासीनता मोजणारी तुझी नऊ प्रश्नांची यादी 'गेल्या दोन आठवड्यांत' असं विचारते. मच्छीमारांच्या वस्तीत जून-जुलैत, बंदीच्या काळात विचारशील तर एक उत्तर येईल, बोटी सुटल्यावर दुसरं. गणपतीत घरं चाकरमान्यांनी भरलेली, तेव्हा कुणी खरं बोलणार नाही. पण रुग्णाचं पुढे काय करायचं हे बहुतेक घरांत तेव्हाच ठरतं, म्हणून वही घेऊन नाही तरी मोदक खायला जाच. आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार मतदारयादीत नसतात, यादीवरून घरं निवडलीस तर ते सुटतील.

भाषेचं एक. 'उदास वाटतं का?' असं विचारलंस की बायका 'नाय' म्हणून मोकळ्या होतात. छातीत धडधडतं, हातपाय गळतात, 'माका बरां वाटणा नाय' हे त्या आपणहून सांगतात. तिथून सुरुवात कर.

आणि नववा प्रश्न, मरण बरं वाटण्याचा. त्याला कुणी 'होय' म्हटलं तर त्याच संध्याकाळी तू काय करणार, हे आराखड्यात कुठेच नाही. कुणाला फोन, कोणता डॉक्टर, घरात कुणाला सांगायचं आणि त्याला त्या माणसाची संमती कशी घ्यायची, हे लिहून काढ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दे, पण वाडीत रेंज कुठे येते तेही बघून ठेव. एवढं झाल्याशिवाय तो प्रश्न कुणाला विचारायचा नाही, यात मी तडजोड करणार नाही.

पुढच्या महिन्यात सुधारलेला आराखडा घेऊन ये. गाडी भाड्याने करू नकोस, एस.टी.नेच ये. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मात्र स्टँडवर विचारून घे, फलकावरच्या वेळा जुन्या आहेत.

तुझी,
मॅडम