सारखीच जेट स्की, मग माझीच मागे का?

प्रश्न : हनुवंतियाला (इंदिरासागर धरणाच्या जलाशयावर) मित्र आणि मी एकाच मॉडेलच्या जेट स्कीवर होतो. तो सुसाट निघून गेला, माझी नुसतीच गुरगुरत मागे. कमाल वेग इंजिनावरच ठरतो ना? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ठरतो, पण निम्माच. मी इंदुरात तीस वर्षं पाण्याचे पंप खोललेत, म्हणून सांगतो : जेट स्की म्हणजे तरंगता पंपच. खालून पाणी ओढायचं आणि इंपेलरने, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चाकाने, मागच्या नोझलमधून जोरात फेकायचं. इंपेलर आणि त्याभोवतीची रिंग यांत मिलिमीटरहून कमी फट असते. काठाजवळच्या उथळ पाण्यात गाडी चालवली की वाळू-खडे आत जातात, रिंग खरवडते आणि दाब निसटतो. मग इंजिन ओरडतं, आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढतात, वेग मात्र वाढत नाही. तुमची ‘गुरगुर’ वाचून पहिली शंका मला हीच आली.

मागे कोणी बसलं होतं का? वजन वाढलं की तळ पाण्यात जास्त बुडतो, विरोध वाढतो. राग मानू नका, पण सराफ्यातल्या, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, गराडूंचाही (तळलेल्या कंदांचाही) हिशेब इथे लागतो! उन्हाळ्यातली विरळ हवाही थोडी ताकद खाते.

बाकी 300 अश्वशक्तीच्या गाड्यासुद्धा ताशी 65 मैलांच्या, म्हणजे सुमारे 105 किलोमीटरच्या आसपासच अडतात. अमेरिकेत तटरक्षक दलाशी झालेल्या समजुतीमुळे उत्पादकच त्यांना लगाम घालतात.

पुढच्या वेळी मित्राशी गाडी बदलून बघा आणि कळवा.