शब्द मोजायच्या आधी

अगं, दीड वर्षाचा मुलगा किती शब्द बोलतो यापेक्षा त्याला किती कळतं ते आधी बघ. हाताने न दाखवता नुसतं 'चेंडू आण' म्हटलंस तर आणतो का? तलावपाळीला होडी दिसली की बोट दाखवून तुझ्याकडे वळून बघतो का? समज आधी येते, बोलणं मागून.

'मम्मं', 'भुर्र', 'हम्मा' हेही शब्दच, नेहमी त्याच अर्थाने वापरत असला तर. घरातली मराठी आणि सांभाळणाऱ्या मावशींची हिंदी, दोन्हीतले एकत्र मोज. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, सोसायटीत कुणी काहीही म्हणो.

तो 'होई' म्हणाला की तू म्हण, 'हो, होडी! होडी चालली.' आणि मग गप्प बस, चांगले 5 सेकंद. हेच अवघड. मी तर लेकीचं वाक्य तिच्याआधीच पूर्ण करायचे! मोबाइल मात्र 2 वर्षांपर्यंत नकोच. आजीला व्हिडिओ कॉल चालेल.

16 महिन्यांनंतरही एक शब्द नाही, 2 वर्षांचा होऊनही 'बाबा ये' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, किंवा येणारे शब्द गेले, तर 'मुलगे उशिराच बोलतात' ऐकत बसू नकोस. बालरोगतज्ज्ञांना दाखव आणि कान तपासून घे. दाराच्या आवाजाला वळतो म्हणून भागत नाही; थोडं कमी ऐकू येणारं मूलही वळतं.