प्रिंटेबल वॉल आर्ट: आधी रेशो ठरवा, डीपीआय नंतर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रामकुंड आणि काळाराम मंदिराची ए-४ कागदावरची जलरंग चित्रं स्कॅन करून फाइल म्हणून विकायची आहेत. गिऱ्हाईक आपापल्या गावी प्रिंट काढून फ्रेम करेल. तर साइज कोणत्या ठेवायच्या, आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) नसेल तर चित्र फाटतं, म्हणजे ठिपके-ठिपके दिसतात, हे खरं का?

फाइलमध्ये डीपीआय म्हणून जो आकडा दिसतो तो नुसता शेरा असतो. ७२ चा ३०० केला म्हणून एकही पिक्सेल वाढत नाही. लांबीचे पिक्सेल भागिले प्रिंटची लांबी इंचात, जे येईल ते खरं रिझोल्यूशन. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो ४००० × ३००० चा असतो. १२ × १८ इंचाला तो सुमारे २२२ वर बसतो, २० × ३० इंचाला १३३ वर.

१३३ चालतात का? ३०० हा आकडा हातात धरून फूटभरावरून बघायच्या छपाईचा आहे. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील सुटा दिसतो. त्या हिशेबाने फूटभरावरून साधारण २८६ लागतात, मीटरभरावरून ८७ आणि सहा फुटांवरून जेमतेम ४८. आपल्या नाशिकरोडला छापल्या जाणाऱ्या नोटांवरची सूक्ष्म अक्षरं भिंगाखाली बघायची असतात. हॉलमधल्या चित्रासमोर भिंग घेऊन कुणी उभं राहत नाही. तरी पाहुणे जवळ जाऊन नाक लावतातच, म्हणून जलरंग आणि फोटोसाठी मी १५० ही खालची रेघ धरतो. २० × ३० आणि त्याहून मोठ्याला १२० सुद्धा चालवून घेतो.

ही सवलत वारली, सुलेखन किंवा बारीक रेघांच्या कामाला मात्र देऊ नका. गेरूच्या रंगावर पांढरी रेघ असली की तिच्या कडेच्या पायऱ्या लगेच डोळ्यांत येतात. असं काम मुळातच व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांत, करून पीडीएफ द्यावं.

आता तुमचा स्कॅन. ए-४ चित्र ६०० ला स्कॅन केलंत की सुमारे ४९६० × ७०१६ पिक्सेल मिळतात. ए-२ ची प्रत्येक बाजू ए-४ च्या दुप्पट असते, त्यामुळे तेवढ्यात ए-२ पुरत्या ३०० ला निघतो. पण चित्र दुप्पट झालं की कागदाचा रवा, खालची पेन्सिल आणि वाळलेल्या पाण्याची कडही दुप्पट होते. रामकुंडाच्या पाण्यात ते खपून जातं, मोकळ्या आकाशात डोळ्यांना टोचतं. आकाश साफ करायला वेळ द्या, तो सत्कारणी लागतो.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी मात्र डीपीआयवरून क्वचित येतात. त्या येतात ‘चित्र कापलं गेलं’ अशा, म्हणजे रेशोवरून, रुंदी-उंचीच्या प्रमाणावरून. तुमचंच ए-४ घ्या. त्यातून २:३ काढायचं तर रुंदीतले १२ मिलिमीटर जातात, दोन्हीकडून सहा-सहा, कळतही नाही. ४:५ काढायचं तर उंचीतले जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर जातात, म्हणजे काळारामाचा कळस गेलाच समजा.

म्हणून माझ्या मते दोनच फाइल ठेवा. एक ए-मालिकेची, ए-४ ते ए-२. दुसरी २:३ ची: ८ × १२, १२ × १८, १६ × २४, २४ × ३६. कापल्यावरही ही फाइल २४ × ३६ ला सुमारे १९५ देते. ४:५ ची गरज परदेशी गिऱ्हाइकाला पडते, कारण तिकडे ८ × १० आणि १६ × २० च्या तयार फ्रेम घेतात. त्यांच्यासाठी चित्र कापण्याऐवजी भोवती पांढरी बॉर्डर सोडून बसवा. आपल्याकडे फ्रेमवाला पट्टी मापानेच कापतो, त्याला कुठलीही साइज चालते. फक्त फ्रेमची खाच कडेचे चार-पाच मिलिमीटर गिळते, तेव्हा सही कोपऱ्याला चिकटवू नका.

१२ × १८ च्या कागदावर दुकानातली मशीन बहुधा कडेपर्यंत छापत नाही. तशी हवी असेल तर १३ × १९ वर काढून कापून घ्यायला सांगा. सहा फुटी सोफ्यावर एकटं १२ × १८ टपाल तिकिटासारखं दिसतं. तिथे साधारण चार फूट रुंदी भरली पाहिजे. तीन १६ × २४ शेजारी-शेजारी उभे लावले की काम होतं. हे तुमच्या वर्णनात लिहा, गिऱ्हाइकाला खरंच उपयोगी पडतं.

रंगाचं एवढंच: फाइल एसआरजीबी (स्क्रीनचा नेहमीचा रंगसंच) जेपेग द्या. भगवा आणि झळझळीत निळा स्क्रीनपेक्षा कागदावर मंदच उतरतात, ते आधीच सांगून ठेवा.

मोठी साइज विकायला ठेवण्याआधी ए-२ फाइलमधून २४८० × ३५०८ चा एक तुकडा कापा, कळस आणि आकाश दोन्ही येतील असा. तो ए-४ वर ‘फिट टू पेज’ बंद ठेवून मॅट कागदावर काढा आणि भिंतीला चिकटवून सोफ्यावरून बघा. दुकानदार ‘व्हॉट्सॲप करा’ म्हणेल तेव्हा फोटो म्हणून पाठवू नका, व्हॉट्सॲप पिक्सेल कमी करून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन जा. स्कॅन किती पिक्सेलचा निघाला ते इथे लिहा, मग २४ × ३६ ठेवायचा की १६ × २४ वर थांबायचं ते सांगतो.