आबांच्या गाडीची किल्ली लपवू का?

प्रश्न : आमचे सासरे, आबा, ७३ वर्षांचे आहेत. आयुष्यभर गाडी चालवली, पण सहा महिन्यांत तीनदा डाव्या बाजूला घासली आणि परवा रात्री कागलहून येताना उसाच्या ट्रॉलीच्या मागं कचकन ब्रेक मारला. आता बास करा म्हटलं तर रुसून जेवलेच नाहीत. शुगरची गोळी चालू आहे. लायसन पण संपत आलंय. किल्ली लपवू का?
– एक सून, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नको हो ताई, किल्ली लपवलीत तर ते डुप्लिकेट काढतील, मी पण तेच करीन.

तुम्ही सहज लिहून गेलात पण तिन्ही वेळा डावीच बाजू घासली हे मला जास्त खटकलं. एकतर मान वळत नसेल, गाडी बंद ठेवून त्यांना सीटवर बसवा आणि मागच्या डाव्या काचेजवळ उभं राहून हाक मारा, नुसती मान वळते का कमरेसकट फिरावं लागतंय ते लगेच दिसेल. नाहीतर डोळे. काचबिंदूत कडेचं दिसणं हळूहळू जातं, बहुतेक वेळा दुखत नाही खुपत नाही, समोरची पाटी मात्र फडाफडा वाचता येते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांना नुसता नंबर नाही, डोळ्याचं प्रेशर आणि फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं ती तपासणी, पण करा म्हणून सांगा.

रात्रीचं म्हणाल तर वयानं डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, उजेड कमी आत जातो, आणि समोरच्या हेडलाइटनं डोळे दिपले की परत नीट दिसायला वेळ लागतो, त्यात पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी मला तावडे हॉटेलजवळ प्रत्येक दिव्याला झिपऱ्या फुटलेल्या दिसायच्या, मी आपला काच घाण आहे म्हणून बायकोकडनं दोनदा पुसून घेतली!

आणि ते रुसून न जेवणं. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेतली आणि जेवण टाळलं तर शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम, थरथर, डोकं चालत नाही, आणि हे स्टेअरिंगवर झालं तर विचारू नका. भांडण जेवणानंतर करा. तळपाय बधिर होतात का, झोपेची किंवा सर्दीची गोळी घेतात का, हे पण डॉक्टरांना सांगा.

लायसनचं सोपं आहे, ५५ नंतर ते ५ वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरचा फॉर्म १-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो. पण शिक्का मिळाला म्हणजे डोळे ठणठणीत असं समजू नका.

तपासण्या होईपर्यंत रात्रीचा हायवे बंद, एवढंच डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या, सुनेचं ऐकणार नाहीत. डॉक्टर हो म्हणाले तर दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर चालवू द्या, फक्त उजवीकडं वळायचं ते सिग्नलच्या चौकातनंच, सिग्नल नसेल तिथं उजवीकडं वळताना समोरून येणाऱ्याच्या स्पीडचा अंदाज चुकतो. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागले तर मात्र गाडी त्याच दिवशी थांबवा आणि मेंदूच्या डॉक्टरकडं न्या.

डॉक्टरांनी परवानगी दिली की एकदा राजारामपुरी ते रंकाळा शेजारी बसून जा, तोंड बंद ठेवून. तुमचा पाय किती वेळा आपोआप ब्रेक दाबायला गेला तेवढं मोजा आणि मला कळवा.