पियानो आधी घरी आणा

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. सात वर्षांची असल्यापासून ती पियानो शिकते. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षेची आठवी, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड गेल्या वर्षी झाली. आता म्हणते, नुसतं वाजवायचं नाही, जुनी जॅझ गाणी गायची आहेत. म्हणजे दहा वर्षांची फी पाण्यात गेली आणि शेवटी हॉटेलात गाणं! लक्ष विचलित होऊ नये म्हणून दसऱ्यानंतर तिचा डिजिटल पियानो माझ्या भावाकडे मनीषनगरला ठेवला. तरी टेस्टमधले मार्क वाढत नाहीत. छंद सांभाळता येईल अशी इंजिनिअरिंगची कोणती शाखा सुचवाल?
– एक वडील, नागपूर

उत्तर : नमस्कार. शाखेचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते मनीषनगरचं वाक्य. ते तुम्ही अगदी सहज लिहून टाकलंय. दहा वर्षं जी गोष्ट मुलगी रोज करत होती, ती तुम्ही बारावीच्या ऐन ताणाच्या वर्षात तिच्यापासून काढून घेतली. मार्क वाढले नाहीत, हेही तुम्हीच लिहिलंय. मग हा उपाय अजून चालू का? अभ्यासात मन नसलेल्या मुलीचं मन पियानो हलवल्याने अभ्यासात येत नाही. ती गप्प होते, आणि घरातल्यांना वाटतं की आता अभ्यास करतेय.

दुसरं म्हणजे, एवढ्या पत्रात फीचा हिशेब आहे, मार्क आहेत, हॉटेल आहे. पण तिला ही गाणी का आवडतात याबद्दल एक ओळ नाही. तुम्ही विचारलंच नसावं असं वाटतं.

आता फी पाण्यात गेल्याबद्दल. हा गैरसमज मनातून काढाच. जॅझमध्ये पियानोवरून गाण्याकडे जाणं ही जुनी, मळलेली वाट आहे. अमेरिकेचे नॅट किंग कोल यांनी 1937 च्या सुमारास आपलं त्रिकूट उभं केलं ते पियानोवादक म्हणून. गायक म्हणून जगभर नाव झालं ते पुढे. तिथल्याच गायिका सारा वॉन लहानपणापासून पियानो शिकल्या आणि 1943 मध्ये अर्ल हाइन्स यांच्या बँडमध्ये आल्या तेव्हा गाण्यासोबत पियानोही वाजवत होत्या. नीना सिमोन यांना शास्त्रीय पियानोवादकच व्हायचं होतं. 1954 मध्ये अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवायला गेल्या, तर मालकाने गावंही लागेल असं बजावलं, आणि तिथून त्यांचं गाणं सुरू झालं. यामागे कारण आहे. ही गाणी बहुतेक बत्तीस मात्राखंडांच्या (बारच्या) साच्यातली असतात. कागदावर फक्त चाल आणि कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या, खुणा. बाकीचं वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे रचायचं. ज्याचे हात कॉर्ड ओळखतात, त्याला गाताना पुढचा स्वर कुठे टेकणार हे आधीच कळतं, आणि गाणं आपल्या आवाजाला सोसेल त्या पट्टीत हलवता येतं. नुसत्या गायकाला हे मिळवायला वर्षं लागतात. तुमच्या मुलीचं अर्धं काम झालंय.

अर्धंच. आठवी ग्रेड म्हणजे लिहिलेलं नीट वाचून वाजवता येतं. कानाने ऐकून वाजवणं, ऐनवेळी पट्टी बदलणं, स्विंगची, म्हणजे जॅझची ती झुलती लय आणि आवाजाची तालीम हे सगळं तिला आता शिकायचंय. ती ग्रेड म्हणजे पदवीही नव्हे. हे मात्र तिला सांगा.

आणि हे 'परकं' वाटत असेल तर आठवण करून देतो. संगीतकार सी. रामचंद्र नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले होते. पुढे मुंबईत चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे जॅझ वादक सोबतीला घेऊन त्यांनी जी गाणी केली, ती तुमच्या वडिलांनी नक्की गुणगुणली असतील.

पैशांची तुमची काळजी मात्र खरी आहे. फक्त जॅझ गाऊन पोट भरणारे आपल्याकडे फार थोडे. नागपुरात त्याला मंचही फारसा नाही. मुंबई, बंगळुरू, गोवा इकडे जावं लागेल. बहुतेकांचं घर शिकवणी, स्टुडिओ, लग्नसमारंभ आणि हॉटेलं यांवर मिळून चालतं. हॉटेलात गाणं कमीपणाचं नाही, आणि स्वतःच वाजवून गाणाऱ्या माणसाला तिथे काम लवकर मिळतं. पियानोची शिकवणी हा सगळ्यांत भरवशाचा आधार, आणि तो तुमच्याच फीतून उभा राहिलाय.

म्हणून या रविवारी पियानो परत आणा. संध्याकाळचा एक तास तिचा, त्यावर चर्चा नाही. बोर्ड आणि सीईटी तिने नीट द्यावी. जेईई द्यायची की नाही हे तिचं तिने ठरवावं. परीक्षा संपल्यावर वर्षभरात वीस गाणी पाठ, प्रत्येक गाणं दोन पट्ट्यांमध्ये, स्वतःच्या साथीवर, रेकॉर्ड करून. त्यासोबत गळ्यासाठी एक शिक्षक. वर्षभर हे टिकलं, तर चेन्नईच्या के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीसारख्या ठिकाणी अर्ज करता येईल. नाही टिकलं तर तेही तिलाच आधी कळेल. तोवर बीए किंवा बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवता येतो.

इंजिनिअरिंगची शाखा मी सुचवणार नाही. तिला गणित आवडतं की नाही हेसुद्धा तुमच्या पत्रातून कळलं नाही. ते तिलाच विचारा, आणि पुढचं पत्र तिच्या हातचं असू द्या.