सहा पानांच्या पत्रात मुलगा कुठे आहे?

"मॅडम, बाप म्हणून मी नापास झालो. आता काही करण्यात अर्थ आहे का?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण समुपदेशनासाठी येणारे, साठी ओलांडलेले पुरुष माझ्यासमोर बसून हेच विचारतात. पूर्वी असे गृहस्थ येत ते झोप लागत नाही म्हणून, नाहीतर बायकोने हाताला धरून आणलं म्हणून. खरा विषय निघायला तीन-चार भेटी जात. अलीकडे मात्र काही जण थेट तिथूनच सुरुवात करतात, आणि त्याचं एक कारण आहे जेमतेम शंभर पानांची एक अनुवादित कादंबरिका. यशस्वी, पैसेवाला माणूस. आयुष्यभर कामात गुंतलेला. आता दवाखान्यात शेवटचे दिवस मोजतोय आणि दुरावलेल्या मुलाला पत्र लिहून जे कधी बोलला नाही ते सगळं सांगतोय. दादर-परळकडच्या वाचनकट्ट्यांवर हे पुस्तक हातोहात फिरतंय. अशाच एका कट्ट्यावर या पुस्तकावर बोलायला मलाही बोलावलं होतं.

तिथली मतं ऐकण्यासारखी होती. एका आजींना पुस्तक वाचताना रडू आवरलं नव्हतं. एक निवृत्त शिक्षक तावातावाने म्हणाले, "मरताना सॉरी म्हणून काय होतंय? चाळीस वर्षं कुठे होता हा?" पंचविशीतली एक मुलगी म्हणाली, "बापाने माफी मागितली की मुलाने विरघळायलाच हवं, असं पुस्तक आपल्याकडून करून घेतंय. मला राग आला." एका बाईंनी विचारलं, "यात त्या मुलाची आई कुठे आहे? तिनेच सगळं केलं असणार ना?" लेखकाने भावना जरा जास्तच ताणल्यात, असंही कुणी म्हणालं.

वाद रंगला तो एकाच गोष्टीवर, त्या बापाला माफ करायचं की नाही. पण शंभर पानांत मुलाच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ते तिथे बोलून दाखवलं, आणि थोड्याच दिवसांत तीच गोष्ट माझ्या खोलीत, हातात कागद घेऊन, बसलेली पाहिली.

हे काका अडुसष्ट वर्षांचे, मध्य रेल्वेवर मोटरमन होते. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. सुनेने पुस्तक वाचायला दिलं आणि त्यांनी ते एका बैठकीत संपवलं. तेव्हापासून रात्री दोनला जाग यायची ती सकाळपर्यंत. "हे माझ्यावरच लिहिलंय," म्हणाले. मुलगा डोंबिवलीला राहतो, सणावाराला येतो, आईशी बोलतो, वडिलांशी "बरंय ना?" एवढंच. पुस्तकातल्या बापाप्रमाणे काकांनीही मुलाला पत्र लिहिलं होतं. रेघांचे सहा फुलस्केप कागद, पाठपोट नाही, एकाच बाजूला, ड्युटीचा रिपोर्ट लिहावा तसं स्वच्छ अक्षर.

"हे त्याला देऊ का, एवढंच सांगा."

मी पत्र वाचलं. मनापासून लिहिलेलं होतं, कुठे खोटेपणा नव्हता. मग मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. "काका, यातली जी वाक्यं मुलाबद्दल आहेत, फक्त त्यांच्याखाली रेघ मारा."

त्यांना वाटलं, हे कसलं काम. चष्मा लावून वाचायला लागले. पहिल्या पानावर पेन्सिल टेकलीच नाही. दुसऱ्या पानावर एका ओळीवर थांबले, पुन्हा वाचली, पुढे गेले. मला किती त्रास झाला, माझे वडील गिरणीत कसे राबले, ब्याऐंशीच्या संपानंतर घर कसं चाललं, मला रजा का मिळत नव्हती, मी आता किती झुरतो. सहा पानं संपली तेव्हा तीन ओळींखाली रेघा होत्या. एकीत मुलाची जन्मतारीख, दुसरीत दहावीचे टक्के आणि तिसरीत 'तुला क्रिकेटची फार आवड होती.'

बराच वेळ ते कागदांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, यात तो नाहीच आहे. इथेही मीच."

माझ्या कामात असे क्षण मागून मिळत नाहीत. मी ते वाक्य त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन सातवं पान लिहिलं असतं. त्यांचं त्यांना दिसलं, म्हणून आमचं पुढचं काम होऊ शकलं.

माझी घडण विवेकनिष्ठ मानसोपचारातली आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली, आणि इतक्या वर्षांनी माझा त्यावरचा विश्वास वाढलेलाच आहे. १९५५ च्या सुमारास मनोविश्लेषणाची वाट सोडून एलिसनी ही पद्धत उभी केली. चुकीच्या वागण्याला चूक म्हणा, पण त्यावरून अख्ख्या माणसाला नापास ठरवू नका, हा त्यांचा आग्रह. ऐकायला सोपं आहे. पण 'मी नालायक बाप' असं म्हणणाऱ्या माणसाला वाटत असतं की आपण जबाबदारी घेतोय. प्रत्यक्षात तो स्वतःवर खटला चालवण्यात इतका गुंततो की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे बघायला त्याला सवडच मिळत नाही. आणि मुलाला त्यातून काय मिळतं? रडणारा बाप, आणि त्याची समजूत काढायचं आणखी एक काम. वाचनकट्ट्यावरच्या त्या मुलीचा राग याच जागेवरचा होता. मला तो अगदी रास्त वाटतो.

म्हातारपणी मागचं आठवत बसणं वाईट नाही, हेही काकांना सांगितलं. अमेरिकेतले वृद्धांचे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ सालीच मांडलं होतं की उतारवयात आयुष्याचा हिशोब मांडणं ही मनाची स्वाभाविक गरज आहे, त्याला भ्रमिष्टपणा समजू नये. हिशोब जरूर मांडावा. फक्त त्यात दुसऱ्या पक्षाचीही वही उघडायला हवी.

मग मी विचारलं, "क्रिकेटचं काय होतं?"

काका एकदम आक्रसले. मुलगा आठवीत असताना शाळेकडून गाइल्स शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा सामना खेळणार होता. आझाद मैदानावर. सचिन-कांबळीच्या ६६४ धावांच्या भागीदारीला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती, पण त्याच मैदानावर खेळायला मिळणं म्हणजे शाळकरी पोराला स्वर्ग दोन बोटं. काकांची ड्युटी त्या दिवशी व्हीटीला सुटणार होती. सबवे ओलांडला की मैदान. मुलाला हे माहीत होतं, म्हणून त्याने आदल्या रात्री दोनदा विचारलं होतं. काका गेले नाहीत. संध्याकाळी पोरगं घरी येऊन म्हणालं, "बाबा, तुम्ही आला नाहीत." काकांनी उत्तर दिलं, "त्यात काय? तेंडुलकर होणार आहेस का?"

"का नाही गेलात?"

त्या सकाळी कुर्ल्याच्या पुढे त्यांच्या गाडीखाली एक बाई आल्या होत्या. "हॉर्न दिला, ब्रेक लावला. पण लोकल जागच्या जागी थांबत नाही मॅडम. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं." पुढच्या स्टेशनात कळवलं आणि भरलेली गाडी व्हीटीला नेली. उशीर झाला म्हणून माणसं ओरडत होती. मोटरमन ड्युटीची नोंद करतात त्या लॉबीत सही करून ते तिथल्याच बाकावर बसून राहिले, मग घरी येऊन आंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. घरात कुणालाही सांगितलं नाही. ते पहिलं रनओव्हर नव्हतं, शेवटचंही नव्हतं.

मुंबईच्या लोकलमार्गांवर आजही वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. त्यातल्या कित्येक मृत्यूंच्या मागे केबिनमध्ये एक माणूस असतो, जो ड्युटी संपवून घरी जातो आणि जेवायला बसतो. हे वाचणाऱ्यांच्या घरात कुणी मोटरमन असेल, तर त्याच्या अबोल्याकडे एकदा या बाजूनेही बघा, ही माझी विनंती.

त्या सकाळचं सगळं बोलून झाल्यावर काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे हेच सांगतो त्याला. मग त्याला कळेल."

मी नाही म्हटलं. हा माझा या प्रकरणातला सगळ्यात कठीण नकार होता, कारण ते जे सांगणार होते ते खरं होतं आणि कुणाचंही काळीज हलवणारं होतं. पण पंचवीस वर्षं जे मूल 'बाबा आले नाहीत' हे मनात धरून आहे, त्याला आधी तुमचं कारण ऐकवलं की त्याचं दुःख क्षुल्लक होऊन जातं. एका बाईच्या मरणापुढे शाळेतली मॅच ती काय! तो गप्प बसेल, कदाचित रडेलही, आणि त्याचं बोलायचं राहिलेलं कायमचं राहून जाईल. आधी त्याचं ऐका. कारण त्याने विचारलं तर सांगा.

आम्ही खोलीत सराव केला. मी मुलगा झाले. काका दर वेळी दुसऱ्या वाक्याला "पण मी तरी काय करणार होतो" वर यायचे. मी थांबवायची. पुन्हा. हळूहळू त्यांना प्रश्न विचारून गप्प बसता यायला लागलं, आणि ज्या पिढीला घरात गप्प बसणं म्हणजे रागावणं एवढंच माहीत, तिच्यातल्या माणसाला हे जमणं मी फार मोठं मानते.

एका रविवारी ते डोंबिवलीला गेले. पत्र नेलं नाही. जेवणं झाल्यावर म्हणाले, "आझाद मैदानावरच्या तुझ्या मॅचला मी आलो नव्हतो. तुला काय वाटलं होतं तेव्हा?"

"कुठली मॅच? जाऊ दे ना बाबा."

काकांनी जाऊ दिलं. स्टेशनवर सोडायला निघाला तेव्हा रिक्षाच्या रांगेत उभं असताना मुलगा आपणहून बोलला, "दर ओव्हर संपली की मी सबवेच्या बाजूला बघायचो. सरांनी विचारलं, वडील आलेत का? मी सांगितलं, आलेत, मागे उभे आहेत."

हे मला सांगताना काकांचा आवाज फुटला. पण तिथे, त्या रांगेत, ते फक्त एवढंच म्हणाले होते, "मी यायला हवं होतं. आणि घरी आल्यावर बोललो तेही चुकीचं होतं." पुढे 'पण' जोडला नाही. त्या न जोडलेल्या 'पण'चा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे कधीतरी फोनवर मुलाने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही होतात कुठे?" तेव्हा त्यांनी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "आईला माहीत आहे हे?" नव्हतं. काकूंनाही पंचवीस वर्षांनी कळलं, आणि त्या नवऱ्यावर चिडल्या. मला सांगितलं असतं तर पोराला मी समजावलं नसतं का, म्हणून. त्यांचा राग खरा होता. दोघांच्या मध्ये उभी राहून एवढी वर्षं पडती बाजू सावरणाऱ्या आयांना आपण विचारतच नाही. वाचनकट्ट्यावरच्या त्या बाईंनी नेमकं हेच पकडलं होतं.

मुलाने माफ केलं का? तसं तो म्हणालेला नाही. "कारण समजलं, पण तेंडुलकरचं बोललात ते लागलंच होतं," असं म्हणाला, आणि काका त्यावर "हो" म्हणाले. आता रविवारी फोन येतो. कधी दोन मिनिटं, कधी वीस.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बाकीच्यांना माझं सांगणं असं. मोघम माफी मागू नका. 'काही चुकलंमाकलं असेल तर' या वाक्याने कुणाची जखम भरत नाही. एक दिवस, एक प्रसंग निवडा आणि त्याबद्दल विचारा. 'तुमच्यासाठीच तर राबलो' हे वाक्य खरं असलं तरी त्या दिवशी खिशात ठेवा. आजारपणाचा आडोसा घेऊन बोलू नका, कारण आजारी बापापुढे मुलाला नाही म्हणायची सोय उरत नाही. त्याने विषय टाळला तर टाळू द्या, पण तुम्ही फोन करणं थांबवू नका. पत्र लिहायचं तर जरूर लिहा, पाठवण्यापूर्वी फक्त पेन्सिल घेऊन बसा.

मुलामुलींनो, तुमच्यावर माफ करण्याची सक्ती नाही. वडिलांचं ऐकून घेतलं म्हणजे माफ केलं असंही होत नाही. ज्यांच्या वडिलांनी मारहाण केली, दारूपायी घर धुळीला मिळवलं, त्यांनी अंतर राखलं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, आणि कुठल्याही हळव्या पुस्तकाने तो काढून घेऊ नये. आणि ज्यांचे वडील आता नाहीत, पण त्यांच्याशी बोलणं राहून गेलंय, त्यांनी वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना, भावंडांना भेटून विचारावं. काकांच्या मुलाला जे हवं होतं त्यातलं थोडं लॉबीतल्या एखाद्या मित्राकडेही मिळालं असतं.

एक सूचना मात्र अगदी स्पष्ट देते. पश्चात्तापाने दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर पुस्तकाला किंवा वयाला दोष देत बसू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. काकांनाही मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, झोपेसाठी काही काळ औषध चाललं. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं.